आधी तराजू, मग यंत्र

दसऱ्याच्या शस्त्रपूजेत आजोबा-पणजोबांची ठासणीची बंदूक मांडणारी घरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्या बंदुकीत दारू हाताने मापून भरावी लागे. माप चुकले की नळी फुटण्याचे भय. काडतूस आले आणि ही जोखीम कारखान्याकडे गेली. अमेरिकेत मात्र अनेक नेमबाज आजही उडविलेली काडतुसे घरी पुन्हा भरतात. तेथे स्थायिक झालेल्या आप्तांपैकी कोणी हा छंद धरू पाहत असेल, तर पहिली खरेदी कोणती करावी?

काडतुसाचे घटक चार : पितळी नळी, बुडाची रंजकाची टोपी, दारू आणि गोळी. बार उडाल्यावर पुन्हा उपयोगी पडते ती पितळी नळीच. ती साच्यात दाबून मूळ मापावर आणतात, जळालेली टोपी काढून नवी बसवितात, दारू घालतात आणि वर गोळी बसवितात.

यासाठी दोन प्रकारची दाबयंत्रे मिळतात. एकात दांडा ओढला की एकच काम होते. दुसऱ्यात एका ओढीसरशी निरनिराळ्या नळ्यांवर चार-पाच कामे होतात. नवशिक्याचे मन साहजिकच दुसऱ्याकडे धावते. परंतु तेथे एखाद्या नळीत दारू दोनदा पडली आणि नजर चुकली, तर बंदूक हातातच फुटावयाची. पहिल्या यंत्राचा संथपणा हाच त्याचा गुण. नळ्या फळीवर ओळीने मांडून, दिव्याच्या उजेडात प्रत्येकीत डोकावून मगच गोळी बसविता येते.

यंत्राच्याही आधी घ्यावयाच्या वस्तू दोन : मापांचे अद्ययावत पुस्तक आणि तराजू. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७,००० ग्रेन; म्हणजे एक ग्रेन आपल्या अर्ध्या गुंजेहून किंचित अधिक. तराजूला ग्रेनचा दहावा भाग कळला पाहिजे, आणि तो पारखण्यास प्रमाण वजनेही हवीत. आरंभ पुस्तकातील किमान मापापासून करावा. ऐकीव माप कधीही घेऊ नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि मेजावर दारूचा एकच डबा, हा नियम कायमचा.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतूस बनविणे गुन्हा आहे. म्हणून आप्तांकडून परतताना असले यंत्र किंवा रिकामी नळीसुद्धा कौतुकाने सामानात घालू नये. छंद जेथला तेथेच राहावा. आणि तेथेही घाई असलेल्याने त्याच्या वाटेस जाऊ नये, हेच आमचे सांगणे.