योग, गुरुबळ आणि देवाची वेळ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना जाम नदीचे ते दृश्य सहसा विसरता येत नाही. पात्रात रोवलेले पळसाचे झाड, त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दोन्हीकडून धोंड्यांचा वर्षाव! हीच ती गोटमार. तिच्यामागे जी कथा सांगतात ती लग्नाची आहे. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला. नदीच्या मध्यावर दोघांना गाठण्यात आले आणि दोन्ही गावांनी दगड उचलले. कथा किती खरी, कोण सांगणार? डोकी मात्र दरवर्षी खरीच फुटतात.

पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख म्हणजे मराठीचे उत्तरेकडील टोक. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला, आणि त्याच्याबरोबर ही संत्र्याच्या बागांची मराठी गावेही. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. या भागातील ख्रिस्ती घरे मोजकीच. नागपुरास स्कॉटिश मिशनने गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात शाळा काढली. छिंदवाड्याकडे स्वीडनच्या ल्यूथरन मिशनचे काम वाढले. मध्य प्रांतात ते १८७७ पासून सुरू झाले होते. म्हणजे एका अंगास नागपूरची मराठी, दुसऱ्या अंगास छिंदवाड्याची हिंदी. त्यातून रोमन कॅथलिक निराळे, ल्यूथरन निराळे. अशा मधल्या गावातील ख्रिस्ती बापास मुलीसाठी स्थळ पाहावयाचे म्हणजे काय व्याप असेल, याची कल्पना आपल्या पोटजातीत स्थळे शोधून चपला झिजविलेल्या वाचकांस सहज येईल.

आपण अशा वेळी म्हणतो, “योग आलेला नाही.” पत्रिका पुढे करतो, गुरुबळ केव्हा आहे ते विचारतो. ख्रिस्ती माणसाजवळ पत्रिका नाही. तो म्हणतो, “देवाची वेळ आलेली नाही.” वरवर पाहता दोन्ही एकच वाटतात, पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. गुरुबळाची तारीख पंचांगात सापडते. देवाच्या वेळेची तारीख कोठेच लिहिलेली नसते.

मग करावयाचे काय? हातावर हात ठेवून बसावे, असे त्यांचे शास्त्र सांगत नाही. जुन्या करारातील उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या लग्नाची मोठी सुंदर कथा आहे. अब्राहाम म्हातारा झालेला. तो आपल्या विश्वासू सेवकाला दहा उंट देऊन दूरच्या आप्तांकडे पाठवितो. सेवक संध्याकाळी विहिरीवर पोहोचतो आणि प्रार्थना करतो की, जी मुलगी मला पाणी देईल आणि आपण होऊन उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच आमची सून असो. दहा तहानलेले उंट! केवढे पाणी ओढावे लागेल, याचा हिशेब त्या धूर्त म्हाताऱ्याने मनाशी केला असलाच पाहिजे. रिबेका येते, पाणी पाजते. बोलणी होतात, दागिने निघतात. आणि शेवटी, घरच्यांनी होकार दिल्यावरही, मुलीला बोलावून विचारले जाते की तू या मनुष्याबरोबर जातेस का. ती जाते म्हणते, तेव्हाच उंट हलतात.

या कथेत प्रवास आहे, पारख आहे, आणि मुलीची संमतीही आहे. “देवाची वेळ” म्हणून वर्षानुवर्षे मुलीला घरी बसवून ठेवणाऱ्यांनी ती पुन्हा वाचावी. आपल्यातही “योग नाही” या दोन शब्दांखाली बापाचा आळस पुष्कळदा झाकला जातो. असो.

पण संमती दिली आणि सर्व सुरळीत झाले, असे नेहमी होत नाही. कधी लग्न आधी होऊन जाते आणि दोघांची मने एका वेळेवर यावयास फार उशीर लागतो. याचे मराठीतील मोठे उदाहरण याच नागपूरच्या बाजूस सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपुरास होते, राजनांदगाव संस्थानातही होते. राजनांदगावाकडे जाणाऱ्या आगगाडीत १८९३च्या सुमारास एका मिशनऱ्याची गाठ पडली आणि नवा करार त्यांच्या हाती आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे लग्न त्यांच्याशी अकराव्या वर्षीच झालेले. पोटचा मुलगा लहान. नवऱ्याने धर्म बदलला, म्हणजे त्या काळच्या ब्राह्मण घरात बायको जिवंतपणी विधवा झाल्यासारखीच! माहेरच्या माणसांनी त्यांना सावरले, आणि ताटातूट झाली.

येथे कायद्याची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८६६ साली अशा धर्मांतरितांसाठी कायदाच झाला होता. जोडीदार सोबत राहण्यास नकार देत असेल तर कोर्टात दाद मागता येई. कोर्ट विचारासाठी वर्षाची मुदत देई. तरीही नकार कायम राहिला तर विवाह मोडून दुसरा करता येई. सरकारच्या हिशेबी एक वर्ष पुरेसे होते. टिळकांना चारपाच वर्षे लागली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास त्यांच्याजवळ आल्या, त्याही आपले सोवळे, आपला स्वयंपाक आणि आपले पाणी सांभाळूनच. एका घरात दोन धर्म नांदू लागले. शिवाशिवीचे बंध त्यांच्या मनातून हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या विचाराने, सुटले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सारे “स्मृतिचित्रे”त त्यांनी अशा काही खेळकरपणे सांगितले आहे की वाचताना हसू येते; आणि पुस्तक मिटल्यावर लक्षात येते की ती रडण्याची वर्षे होती.

टिळक तापट, लहरी, पैशाच्या बाबतीत तर अगदीच बेभरवशाचे. बाईंनी ते लपविलेले नाही. बायकोला न सांगता एवढा निर्णय घेणारा नवरा आदर्श म्हणावा काय? मला तरी म्हणवत नाही. पण घेतलेल्या निर्णयात तिला ओढून न्यावयाचे नाही, एवढे त्यांनी पाळले, आणि त्याची किंमत एकटेपणाने भरली. किंमत बाईंनीही भरली, आणि माझ्या मते जास्त भरली. कारण त्यांनी तर काहीच निवडले नव्हते.

१९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे “ख्रिस्तायन” हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबलेले होते. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण असे नव्हतेच. पुढचे अध्याय त्यांनी लिहिले.