जुना डेस्कटॉप, नवा लॅपटॉप आणि एका वेळी एकच बदल



'रिसर्च मेथडॉलॉजी वाचली, पण ती प्रत्यक्षात वापरतात कुठे?' असा प्रश्न पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. आज त्याचं उत्तर प्रयोगशाळेतून न देता आमच्या घरातल्या वायफायवरून देते.

दिवाळीत घरी गेले होते. एमएस्सीच्या वेळी घेतलेल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवर होत्या. त्यावर विंडोज एक्सपी, माझ्या लॅपटॉपवर विंडोज १०. गाइडना त्या नोंदी हव्या होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. (हो, चूक माझीच.) पेन ड्राइव्ह का नाही? डेस्कटॉपचे यूएसबी पोर्ट ढिले झालेत, कॉपी मध्येच तुटते. म्हटलं, दोन्ही मशीन एकाच राउटरवर आहेत, तर फोल्डर शेअर करू.

लॅपटॉपला डेस्कटॉप दिसेचना. मग पहिल्या संध्याकाळी मी जे केलं ते करू नका. फायरवॉल बंद केली, वर्कग्रुपचं नाव बदललं, पासवर्ड काढला, तीनदा रीस्टार्ट केलं, सगळं एकदम. काही झालं नाही. आणि एखादा बदल लागू पडला असता, तरी नेमका कोणता ते कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वही घेतली. 'फाइल शेअरिंग चालत नाही' हा एक प्रश्न नाही, एकावर एक रचलेले चार-पाच प्रश्न आहेत. म्हणून खालून सुरुवात केली.

१) दोघं खरंच एकाच नेटवर्कवर आहेत का? दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन पत्ते बघितले. डेस्कटॉप १९२.१६८.१ ने सुरू होत होता, लॅपटॉपचा तिसरा आकडा वेगळाच. लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या वायफायवर जोडलेला होता! हे 'गेस्ट' नेटवर्क घरातल्या इतर मशीनपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. मुख्य वायफायवर आल्यावर पिंगला उत्तर मिळालं. पिंगला उत्तर आलं नाही तरी लगेच 'जोडणी नाही' असं लिहू नका. फायरवॉलही ते अडवते.

२) कंट्रोल. बहिणीचा लॅपटॉपही विंडोज १० चा. दोघींनी नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं आणि एक फोल्डर शेअर केला. लगेच उघडला. म्हणजे राउटर ठीक, माझा लॅपटॉप ठीक. अडचण फक्त जुन्या-नव्या जोडीत. दहा मिनिटांच्या या चाचणीने अर्ध्या शंका मिटल्या.

३) नाव की पत्ता? नेटवर्कच्या यादीत डेस्कटॉप अजूनही दिसत नव्हता. पण ती जुनी यादी बनवणारी सेवाच नव्या विंडोजमध्ये राहिलेली नाही. यादीत नाही म्हणजे मशीन नाही, असं होत नाही. म्हणून एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन थेट आयपी पत्ता टाकला. फोल्डर उघडला नाही, पण एरर बदलली. आता ती म्हणत होती की या शेअरला 'एसएमबी१' हा कालबाह्य प्रोटोकॉल लागतो. एरर बदलणं ही प्रगती असते, तारीख-वेळेसकट लिहून ठेवा.

४) भाषा एक आहे का? इथे खरं कारण सापडलं. विंडोजमधलं फाइल शेअरिंग एसएमबी या प्रोटोकॉलवर चालतं. मूळ काम १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झालं. एसएमबी२ विंडोज व्हिस्टाबरोबर आला, एसएमबी३ विंडोज ८ बरोबर. एक्सपीला फक्त एसएमबी१ येतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर एसएमबी१ मधल्याच त्रुटीतून पसरलं, ब्रिटनमधली कित्येक रुग्णालयं अडकली. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी१ आपोआप बसवला जात नाही. लिनक्सवर वापरतात त्या सांबानेही २०१९ मध्ये ४.११ पासून तो मुळात बंद ठेवला. म्हणजे काही बिघडलं नव्हतं. नव्या मशीनने नकार दिला होता, आणि तो बरोबर होता.

५) परवानगी. हा थर शेवटचा. नव्या विंडोजमध्ये पासवर्ड नसलेल्या खात्याने सहसा नेटवर्कवरून आत जाता येत नाही. आणि लॉगिनचा पिन म्हणजे पासवर्ड नव्हे. इथे बरेच जण अडकतात.

मग उपाय काय? सगळ्यात सुरक्षित म्हणजे जुन्या मशीनची हार्ड डिस्क काढून अडॅप्टरने जोडणं. दिवाळीत दुकानं बंद होती. म्हणून राउटरची इंटरनेटची वायर काढली, लॅपटॉपवर विंडोज फीचर्समध्ये एसएमबी१ चा फक्त 'क्लायंट' सुरू केला ('सर्व्हर' नाही), रीस्टार्ट करून फाइली घेतल्या. दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि एकूण बाइट्स जुळवले, काही फाइली उघडून बघितल्या, आणि एसएमबी१ पुन्हा बंद केला. इंटरनेटची वायर त्यानंतरच लावली.

नोंदी मिळाल्या, आता त्यांच्या तीन प्रती आहेत. पण गोष्ट इथे संपत नाही. हॉस्टेलवर परतल्यावर दोन दिवसांनी सहज बघितलं, तर लॅपटॉपची फायरवॉल बंदच होती. पहिल्या संध्याकाळी बंद केलेली, कुठे लिहिलेली नाही, म्हणून परत सुरू केलेली नाही. हॉस्टेलच्या वायफायवर शेकडो मशीन असतात. काही झालं नाही, पण ते माझं नशीब, शहाणपण नव्हे. वहीत लिहिलेला प्रत्येक बदल मी परत फिरवला होता. न लिहिलेला तेवढा राहिला.

प्रयोगशाळेत तुम्हाला अशी जोडी नक्की भेटेल. एखाद्या महागड्या उपकरणाचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं आणि तुमचा लॅपटॉप नवा असतो. तिथे माझा उपाय परस्पर करू नका, आधी सिस्टीम सांभाळणाऱ्यांना विचारा. पण शोधण्याची रीत तीच ठेवा. खालच्या थरापासून सुरुवात, एक कंट्रोल, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलापुढे 'परत फिरवला का?' असा एक रकाना. माझ्या वहीत तो रकाना आता कायमचा आहे.

तुमच्याकडे असा एखादा अडलेला प्रश्न असेल, तर त्याचे थर आधी कागदावर मांडून बघा. पुढच्या लेखात डेटाच्या प्रती कुठे आणि कशा ठेवायच्या ते बघू.