पुनरुज्जीवनाचा निर्णय आणि आपत्कालीन उपचारांचे पूर्वनियोजन

थांबलेल्या हृदयाला चालना देण्यासाठी पूर्वी शल्यविशारदास छाती उघडावी लागे. 1960 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील तीन संशोधकांनी छातीवर बाहेरून लयबद्ध दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, असे दाखवून दिले. केवळ दोन हातांनी करता येण्याजोगी ही क्रिया थोड्याच काळात सर्वत्र रूढ झाली. अकस्मात थांबलेल्या हृदयासाठी योजलेला हा उपाय पुढे दुर्धर व्याधीच्या अखेरीस असलेल्या रुग्णांवरही होऊ लागला. तो करणे हा नियम ठरला, आणि न करावयाचा असल्यास तसा स्वतंत्र निर्णय नोंदविणे आवश्यक झाले.

असा निर्णय आयत्या वेळी नीट घेता येत नाही. रक्ताभिसरण थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूस इजा होऊ लागते. रुग्ण बेशुद्ध असतो आणि त्याची इच्छा विचारावयास अवधी नसतो. शिवाय छातीवरील दाबाने बरगड्या मोडण्याचा संभव असतो. रुग्णालयात हृदय थांबून या उपचाराखाली आलेल्यांपैकी जिवंत घरी परतणारे साधारणतः चारपाच जणांत एक. जर्जर रुग्णांत हे प्रमाण याहूनही अल्प असते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. 'पुनरुज्जीवन करू नये' याचा अर्थ 'उपचार करू नयेत' असा नव्हे. त्या नोंदीचा संबंध हृदय थांबल्यानंतरच्या क्रियेपुरताच असतो. प्रतिजैविके, प्राणवायू, वेदनाशमन व शुश्रूषा यांवरील रुग्णाचा हक्क तिने कमी होत नाही. हा भेद विसरला गेला, तर रुग्णाची उपेक्षा होण्याचे भय असते.

निर्णय कोणाशी बोलून घ्यावा, हा प्रश्न 2014 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे आला. एका रुग्ण स्त्रीच्या कागदपत्रांत अशी नोंद तिला न विचारता करण्यात आली होती. रुग्णाचा सल्ला घेणे हाच सर्वसामान्य नियम होय. केवळ त्यास दुःख होईल एवढ्या कारणावरून तो टाळता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. मात्र निष्फळ ठरणारा उपचार करण्याची सक्ती डॉक्टरावर करता येत नाही, हेही स्पष्ट झाले.

यानंतर ब्रिटनमध्ये 2017 पासून 'रिस्पेक्ट' नावाची पद्धत प्रचारात आली. तिच्या पत्रकात केवळ 'होय' वा 'नाही' नसते. आयुष्य लांबविणे आणि सुखसोय यांपैकी रुग्णास अधिक मोलाचे काय, हे प्रथम विचारले जाते. नंतर अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वसन इत्यादींविषयीच्या शिफारशी व शेवटी पुनरुज्जीवनाचा निर्णय लिहिला जातो. पत्रक रुग्णाजवळ राहते. ते कायद्याने बंधनकारक नसून प्रसंगी मार्गदर्शक असते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली पूर्वलिखित वैद्यकीय निर्देशास मान्यता दिली आणि 2023 साली त्याची प्रक्रिया सुलभ केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही 2020 साली पुनरुज्जीवन न करण्याच्या निर्णयाविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. परंतु आपल्याकडे अनेकदा रुग्णास वगळून नातेवाइकांशीच बोलण्याचा प्रघात आहे. तो बदलल्यावाचून या तरतुदींचा लाभ मर्यादितच राहील. तात्पर्य, पत्रकावरील खूण हे या नियोजनाचे केवळ शेवटचे अंग होय. रुग्ण शुद्धीवर असताना त्याच्याशी झालेले संभाषण हाच त्याचा खरा गाभा आहे.