सारखी दिसणारी प्रवाळे आणि त्यांची जागा

प्रवाळ म्हटले की आपल्याकडे प्रथम अंगठीतील पोवळे आठवते. समुद्रात खडक रचणारी प्रवाळे याहून निराळी. ती दगड नव्हेत, वनस्पतीही नव्हेत. चुन्याचा सांगाडा बांधून राहणारे ते प्राणी होत. परदेशांत खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांत ती जिवंत ठेवली जातात. त्यांतील टॉर्च, हॅमर व फ्रॉगस्पॉन ही तीन प्रवाळे नवख्यास हमखास चकवतात.

तिन्हींच्या मांसल स्पर्शिका पाण्यात डुलत असतात; हिरवा, तपकिरी, सोनेरी हे रंगही तिन्हींत आढळतात. सांगाड्यावरून ओळखावे म्हटले, तर टॉर्चच्या आणि फांद्यांच्या हॅमरच्या सांगाड्यांत भेद करणे अतिशय कठीण. संग्रहालयातील वाळका नमुना येथे फारसा उपयोगी पडत नाही. प्राणी फुललेला असताना स्पर्शिकेचे टोक पाहावे. टॉर्चची स्पर्शिका लांब, बिनफाट्याची. टोकाशी बोंड, पुष्कळदा वेगळ्या रंगाचे. हॅमरचे टोक हातोड्यासारखे किंवा नांगरासारखे आडवे पसरते. फ्रॉगस्पॉनच्या स्पर्शिकेस लहान फाटे फुटून त्यांवर गोल गाठी येतात. पावसाळ्यात डबक्यात दिसणाऱ्या बेडकाच्या अंड्यांच्या पुंजक्याची आठवण व्हावी, तशा.

ही ओळख केवळ हौसेची बाब नाही. या प्रवाळांच्या स्पर्शिकांत दंशपेशी असतात. रात्री ती काही स्पर्शिका नेहमीपेक्षा कितीतरी लांबवर सोडतात आणि शेजाऱ्यास डागतात. हॅमर व फ्रॉगस्पॉन एकमेकांस बहुधा सहन करतात. टॉर्च मात्र त्यांच्याजवळ ठेवल्यास त्यांचे मांस झडू लागते. शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये हॅमर व फ्रॉगस्पॉन यांना ‘युफायलिया’ या प्रजातीतून काढून ‘फिम्ब्रियाफायलिया’ या प्रजातीत घातले. टॉर्च जुन्या प्रजातीतच राहिले. प्रवाळे पाळणाऱ्यांना हा दुरावा अनुभवाने आधीच ठाऊक होता.

म्हणून टॉर्च इतरांपासून निदान १५ ते २० सेंटिमीटर दूर, आणि त्याच्या स्पर्शिका प्रवाहाबरोबर शेजाऱ्यांकडे वाहणार नाहीत अशा बाजूस ठेवावे. तिन्हींना प्रकाश मध्यम लागतो. मांसात राहणारे सूक्ष्म शैवाल त्यावरच अन्न तयार करते. प्रवाह स्पर्शिका डुलतील इतपतच असावा. झोत थेट अंगावर आल्यास मऊ मांस सांगाड्याच्या धारदार कडांवर फाटते, आणि त्या जखमेतून सडण्यास प्रारंभ झाला की सबंध वसाहत थोड्याच दिवसांत नष्ट होऊ शकते. पाणी अगदी संथ असल्यास गाळ साचतो, तेही वाईटच.

भारतात मात्र ही हौस कायद्याच्या कक्षेत येते. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व कठीण प्रवाळांचा समावेश आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्रातील प्रवाळांनाही हेच संरक्षण लागू होते. अधिकाऱ्यापुढे विक्रीस आलेला तुकडा टॉर्चचा की हॅमरचा, हा भेद येथे करावा लागत नाही. वाळलेल्या सांगाड्याच्या विक्रीसही हीच बंदी आहे.