संगणकात शिरलेली कीर्द-खतावणी

सॉफ्टवेअर निर्माण करणारी कोणती कंपनी तगेल आणि कोणती लयाला जाईल, याचा निवाडा तज्ज्ञ मंडळी यंत्रविद्येच्या निकषांवर करू पाहतात. परंतु ज्याने संगणक केवळ पोटाच्या उद्योगापायी घेतला आहे त्या सामान्य मनुष्याचे निकष अगदी निराळे असतात, आणि ते जाणून घ्यावयाचे असतील तर आपल्या बाजारपेठांतून घरोब्याचे झालेले ‘टॅली’ हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उदाहरणादाखल न्याहाळण्यासारखे आहे.

बंगळूरचे श्यामसुंदर गोयंका हे गिरण्या-कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. त्या काळी हिशेबाची जी सॉफ्टवेअर मिळत, त्यांत प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक द्यावा लागे. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला पेढीवरचा मुनीम वर्षानुवर्षे नावागावानिशी ओळखतो, त्याच्या नावे रक्कम मांडण्यापूर्वी मुनिमाने आकड्यांची यादी धुंडाळावी, असा तो उफराटा कारभार होता. श्यामसुंदरांना तो रुचला नाही. त्यांचे चिरंजीव भरत यांनी जी आज्ञावली लिहिली तीत खाती सरळ नावांनी मांडता येऊ लागली, आणि 1986 साली प्यूट्रॉनिक्स या नावाने आरंभलेल्या पितापुत्रांच्या या उद्योगाचेच पुढे ‘टॅली सोल्यूशन्स’ झाले. व्यापाऱ्याने यंत्राची रीत शिकावी, ही अपेक्षाच येथे सोडून दिलेली होती. माझ्या मते या कंपनीच्या यशाचे मूळ येथेच आहे. पुढचे पुष्कळसे त्यातूनच उगवले.

एखाद्या घाऊक दुकानातील हिशेबनिसाचे टॅलीवरील काम क्षणभर जवळून पाहावे. एफ-८ दाबले की विक्रीचे व्हाउचर उघडते. गिऱ्हाइकाच्या नावाची दोन-तीन अक्षरे उमटताच जुळणारी नावे समोर येतात. गिऱ्हाईक नवे असेल तर हातातली नोंद न सोडता ऑल्ट आणि सी दाबून त्याचे खाते तेथल्या तेथे काढता येते. आणि कंट्रोल-ए दाबले की काम फत्ते. माउसला स्पर्शही होत नाही, नजर बिलावरून फारशी हलत नाही. त्या एका नोंदीसरशी खतावणी, मालाची शिल्लक, तेरीज आणि ताळेबंद ही सारी दप्तरे अद्ययावत होतात.

अमेरिकेत 1983 साली इंट्यूट ही कंपनी काढणाऱ्या स्कॉट कुक यांनाही हेच मर्म गवसले होते. त्यांच्या ‘क्विकन’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर चक्क धनादेशासारखा धनादेश दिसे, आणि नवे गिऱ्हाईक ते कसे वापरते हे पाहण्यासाठी कंपनीची माणसे, अर्थात परवानगीने, त्याच्या घरी जाऊन बसत.

बोटांना एकदा जडलेली सवय मोडण्याची किंमत मोठमोठ्या कंपन्यांनाही चुकत नाही. 1995 पासून वापरात असलेले स्टार्ट बटण मायक्रोसॉफ्टने 2012 च्या विंडोज ८ मधून काढून टाकले, तेव्हा उठलेला गदारोळ इतका होता की वर्षभरातच 8.1 या आवृत्तीत ते बटण परत आणावे लागले. याउलट 2020 साली टॅलीचे रूप पालटून ‘टॅलीप्राइम’ आले, तरी आदायापासून खरेदीपर्यंतच्या मुख्य व्हाउचरांच्या कळा होत्या तशाच राहिल्या.

अनधिकृत प्रतींचा सुळसुळाट हाही टॅलीच्या प्रसारातील एक भाग होता, हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. तालुक्याच्या गावी टॅलीचे क्लास निघाले, हिशेबनिसाच्या जागेसाठी ‘टॅली येणे आवश्यक’ अशी अट जाहिरातीत येऊ लागली, आणि दुकानदाराने दुसरे काही घ्यावयाचे म्हटले तरी ते चालविणारा माणूस मिळेना. त्यात 1 जुलै 2017 पासून जीएसटी अमलात आला. विवरणपत्रे इंटरनेटवरून भरणे क्रमप्राप्त झाले, आणि कायद्यातील प्रत्येक फेरफाराबरोबर सॉफ्टवेअरही सुधारून देणाऱ्या कंपनीची गरज, एरवी कागदी वहीवर भागविणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यालाही भासू लागली.

तथापि ग्राहकाची मर्जी राखण्याला दुसरी बाजूही आहे. टॅलीत मागील तारखेची नोंद बिनदिक्कत बदलण्याची वा समूळ पुसण्याची मुभा होती. पक्क्या शाईच्या कीर्दीत खाडाखोड तरी दिसे, येथे मागमूसही उरत नसे. दुकानदारांना ही सोय मनापासून प्रिय, आणि लेखापरीक्षकांची तिच्यापायी डोकेदुखी. अखेर 1 एप्रिल 2023 पासून कंपनी कायद्याखालील नियमांनी नोंदणीकृत कंपन्यांना असे बंधन घातले की प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवणारे, आणि ती नोंद बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच वापरावे. त्यासाठी टॅलीने ‘एडिट लॉग’ ही निराळी आवृत्ती काढली. व्यक्तिगत मालकीच्या दुकानांना हा नियम लागू नाही, आणि जुन्या नोंदी गुपचूप दुरुस्त करण्याची त्यांची सोय अद्याप शाबूत आहे.