आऊटरला गेलेली पस्तीस मिनिटं

पहिली गाडी जंक्शनला पहाटे ५.१०ला पोहोचणार, दुसरी तिथून ५.४५ला सुटणार. कागदावर किती छान दिसतं ना? मीही असंच खूश होऊन बुकिंग केलं होतं. त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या शहरात प्रवेशासाठी कागदपत्रांची पडताळणी होती. आमची गाडी आऊटरला थांबली, आणि थांबलीच. धावत जिना चढून पलीकडे उतरले तेव्हा दुसऱ्या गाडीचा फक्त शेवटचा डबा दिसला. ती फेरी हुकली आणि हवं असलेलं कॉलेजही.

पस्तीस मिनिटांवर विसंबले, ही चूक माझीच. पण तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता, पाच मिनिटं थांबली असती तर काय बिघडलं असतं?

बरंच बिघडतं. एकाच रुळावरून मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि मुंबईच्या आसपास लोकलसुद्धा धावतात. प्रत्येकीला पुढच्या सिग्नलपर्यंतची ठरलेली वेळ असते. एक गाडी प्लॅटफॉर्म अडवून बसली की मागची आऊटरला, तिच्या मागची आधीच्या स्टेशनात. माझ्यासाठी थांबलेल्या गाडीने आणखी कुणाची तरी गाडी चुकवली असती.

आता एक गंमत बघा. वेळापत्रक उघडा आणि कुठल्याही लांबच्या गाडीचा शेवटचा टप्पा तपासा. तेवढ्याच अंतराला परतीच्या गाडीला कमी वेळ दिलेला दिसेल. झालेला उशीर भरून काढायला शेवटी जादा मिनिटं ठेवलेली असतात. म्हणून पहिली गाडी जिथे संपते, तिथे बदललात तर वाचण्याची शक्यता जास्त. मधल्या जंक्शनला ही उशी मिळतेच असं नाही. दुसरी गाडी लांबून येणारी असेल तर तीही लेट असू शकते, आणि ते तुमच्या पथ्यावर पडतं. पण हा जुगार झाला, प्लॅन नव्हे!

पूर्वी काही ठिकाणी गाडी बदलायचीच गरज नसायची, डबेच बदलायचे. सेवाग्राम एक्स्प्रेसला जोडलेले बल्लारशाहचे डबे वर्ध्याला वेगळे होत. प्रवासी झोपलेले, इंजिनाचं काम चालू. असे लिंक डबे हळूहळू कमी झाले. शंटिंगमध्ये वेळ जातो हे खरं, पण मध्यरात्री बॅगा उचलणाऱ्याला विचारून बघा.

स्वित्झर्लंडने उलट्या बाजूने सुरुवात केली. १९८२पासून तिथे गाड्या ठरावीक अंतराने धावू लागल्या. मग आधी वेळापत्रक आखून त्यासाठी रूळ बांधायचं ठरलं, आणि १९८७मध्ये लोकांनी मतदान करून त्याला होकार दिला. मोठ्या स्टेशनात सगळीकडच्या गाड्या तास भरायच्या थोडं आधी येतात, लोक इकडून तिकडे जातात आणि तास उलटल्यावर गाड्या सुटतात. त्यासाठी झुरिक ते बर्न प्रवास तासाच्या आत बसवायचा होता, म्हणून नवा मार्ग बांधला. तो २००४मध्ये सुरू झाला. त्याहून जोरात पळायची गरजच नव्हती. अर्थात, आपल्याकडे एकेक गाडी हजारभर किलोमीटर तुडवत येते. ते गणित जसंच्या तसं इथे बसणार नाही.

इथे निदान पैसे तरी वाचतात. एप्रिल २०१९पासून दोन गाड्यांचे पीएनआर जोडता येतात. प्रवाशाचे तपशील दोन्ही तिकिटांवर सारखे हवेत. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे रद्द करण्याचं शुल्क न कापता परत मिळतात. पुढच्या गाडीत सीट मात्र कुणी देत नाही. मला तेव्हा हे माहीतच नव्हतं. माझी दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली होती, म्हणजे पैसेही गेले.

ई-तिकीट असेल तर टीडीआर भरावा लागतो, तोही पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांत. त्यामुळे प्लॅटफॉर्मवर बसून रडायचं असेल, तर आधी टीडीआर भरा.