एका आखूड पेराचं घराणं

गोठ्याबाहेर पडलेल्या ताज्या शेणाकडे जरा निरखून पाहिलं, तर चमकत्या हिरव्या माश्यांच्या गर्दीत काळसर, बारीक असं काहीतरी तुरुतुरु पळताना दिसतं. हाकललं तरी लांब उडत नाही. टुणकन उडी मारून पुन्हा शेणावरच. लोक त्याला चिलट म्हणून सोडून देतात, किंवा माशीचं पिल्लू समजतात. पण माशीला असं पिल्लू नसतं. कोशातून ती पूर्ण मापाचीच बाहेर पडते, नंतर वाढत नाही. ही बारीक माशी वेगळ्याच कुलातली आहे. शास्त्रीय नाव स्फेरोसेरिडी, सोयीसाठी लहान शेणमाश्या म्हणू. बहुतेकींची लांबी एक ते पाच मिलिमीटर, आणि जगभरात नोंदलेल्या जाती दीड हजारांहून अधिक.

ओळखायची कशी? मागच्या पायावरून. माशीच्या पावलाला पाच पेरं असतात आणि त्यांतलं पहिलं सहसा सर्वांत लांब असतं. या कुलात मागच्या पावलाचं पहिलं पेर आखूड आणि फुगीर असतं. भिंगाखाली ते गाठीसारखं दिसतं. कुल कळायला एवढं पुरतं, पण जात ओळखायची तर काम वाढतं. अनेक जातींत बाहेरून काडीचा फरक नसतो. मग नराचं पोट वेगळं काढून कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवायचं, पारदर्शक झालं की ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायचं आणि जननेंद्रियाचे बारीक आकडे, काटे पाहायचे.

या कुलाची पाच उपकुलं मानतात. लिमोसिनिनी त्यांतलं सर्वांत मोठं, आणि खरा गोंधळ तिथेच होता. आयरिश कीटकतज्ज्ञ अलेक्झांडर हेन्री हॅलिडे यांनी १८३६ मध्ये ब्रिटनमधल्या या माश्यांची मांडणी केली. पुढे लिमोसिना ही प्रजाती म्हणजे धर्मशाळाच झाली: बारीक, काळी, नेमकी ओळख पटत नाही, टाका लिमोसिनात! चेक अभ्यासक यिंद्रिख रोहाचेक यांनी १९८०च्या दशकात युरोपातल्या या माश्यांची नव्याने छाननी केली आणि मिनिलिमोसिना, पुलिमोसिना अशा वेगळ्या प्रजाती केल्या. खुद्द लिमोसिना या नावाखाली मोजक्याच जाती उरल्या.

एवढ्या काटेकोरपणाचा उपयोग काय, याचं उत्तर पुरातत्त्वाने दिलं. थोराकोकीटा झोस्टेरी ही या कुलातली माशी आज समुद्रकिनाऱ्यावर कुजणाऱ्या शैवालात वाढते. पण ब्रिटनमध्ये समुद्रापासून दूर असलेल्या गावांत मध्ययुगीन शौचखड्डे खणले, तर त्यांत तिच्याच कोशांची रिकामी टरफलं सापडली. समुद्र कुठे, खड्डा कुठे? कुणीतरी समुद्रशैवाल गावात आणत असावं, ही शंका साहजिक होती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्या टरफलांतली कार्बन आणि नायट्रोजनची समस्थानिकं तपासली. अळी जे खाते त्याची खूण टरफलात राहते, आणि ही खूण शैवालाची नव्हती. अळ्या खड्ड्यातल्या मैल्यावरच पोसल्या होत्या. त्या काळी या माशीला किनाऱ्याखेरीज दुसरंही घर होतं. टरफलाची जात चुकली असती, तर हे कोडं पडलंच नसतं.

शेणाशी नाव जोडलेलं असलं तरी बिऱ्हाडं अनेक ठिकाणी आहेत: गुहा, पालापाचोळा, कुजकी अळंबी, मेलेली जनावरं. सेरोप्टेरा प्रजातीतल्या माश्या शेणभुंगेऱ्याच्या पाठीवर बसून प्रवास करतात. त्याने घडवलेल्या शेणगोळ्यावर अंडी घालतात, आणि त्याने पिल्लांसाठी साठवलेलं अन्न त्यांच्या अळ्या खातात. कष्ट भुंगेऱ्याचे, जेवणावळ दुसऱ्याची. दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गेलन आणि क्रोझे बेटांवरच्या अनाटालांटा अप्टेराला तर पंखच नाहीत. पंखहीन किंवा आखूड पंखांच्या जाती आफ्रिकेतल्या उंच डोंगरांवरही आढळतात. अशा माशीच्या बाबतीत पंखांवरून ओळख पटवणं अर्थातच खुंटतं.

कुलाच्या कुंपणाबद्दलही वाद आहेच. ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा बिळात राहणारा प्राणी आहे. त्याच्या बिळांशी आणि विष्ठेशी नातं असलेल्या 'वॉम्बॅट माश्यां'चा अभ्यास करताना सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचे डेव्हिड मॅकाल्पाइन यांना लहान शेणमाश्या आणि शेजारचं हेलिओमायझिडी कुल यांतली सीमारेषा डळमळीत वाटली. दोन्ही घराणी हेटेरोमायझिडी या एकाच नावाखाली आणावीत, असं त्यांनी २००७ मध्ये सुचवलं. म्हणजे आखूड पेराचं हे घराणं स्वतंत्र कुल राहिलंच नसतं. बऱ्याच अभ्यासकांना ते पटलं नाही. रोहाचेक, कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे स्टीफन मार्शल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या कुलाची जागतिक सूची काढली होती. तिची २००० ते २०१० या काळातली भर २०११ मध्ये छापली गेली, आणि तिच्या शीर्षकात कुलाचं नाव स्फेरोसेरिडी हेच राहिलं.